दिवस मावळायच्या आतली मीटिंग

मम्मी म्हणते, आत्मचरित्र केस पिकल्यावर लिहितात, तुझं तर अजून लग्नसुद्धा झालं नाही. खरं आहे. पण ज्या पावसाळ्याबद्दल मला लिहायचंय, त्यात मी इतकी जळले की ते लिहायला म्हातारपणाची वाट बघत बसले, तर तोवर मी स्वतःला निर्दोष ठरवून मोकळी झालेली असेन. आमच्या नात्यातल्या म्हाताऱ्या बायका मी बघते ना, आपल्या तरुणपणच्या लबाड्या सांगताना त्यांचा चेहरा पेढा खाल्ल्यासारखा होतो. मला तसं नको आहे. आठवण अजून टोचते आहे तोवरच लिहून टाकते, नंतर मम्मीला हवं ते करू दे.

शहाद्यात आमचं दुकान खाली आणि घर वर. किराणा आणि मसाले. मिरचीची पोती खालच्या खोलीत आणि झोपणार आम्ही वर, त्यामुळे आमच्या घरात कुणाला सर्दी झाली आहे की नुसताच माल आला आहे, हे बाहेरच्याला कधी कळायचं नाही. करोनाच्या त्या बंदच्या काळात कॉलेज बंद, बाजार बंद, फक्त आमचं दुकान सकाळी चार तास उघडं. गिऱ्हाईकं चुन्याच्या गोलात उभी राहून लांबूनच ओरडायची, आणि पप्पा, ज्यांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, तेही ओरडून भाव सांगायचे. दुकानासाठी म्हणून पप्पांनी घरात वायफाय घेतलं होतं आणि त्याचा डबा मम्मीनं देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवला होता. रोज सकाळी देवाबरोबर त्यालाही धूप मिळायचा. माझ्या मैत्रिणींपैकी कुणाकडेच असलं नेट नव्हतं, आणि ते नाही याचा मला मनातून आनंद होता, हेही सांगून टाकते.

चातुर्मास चालू होता. आम्ही जैन, आमच्या घरी चातुर्मासात चौविहार पाळतात, म्हणजे दिवस मावळला की अन्न बंद आणि पाणीही बंद, ते थेट दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर. त्यामुळे घराचं सगळं घड्याळ संध्याकाळकडे पळत असायचं. साडेपाचलाच कुकरच्या शिट्ट्या सुरू, सहाला बेसनाच्या गट्ट्यांची भाजी उकळायला लागलेली, सव्वासहाला पाटावर बसायचं आणि शेवटी तांब्याभर पाणी पोटात ढकलायचं. उशीर झाला की मम्मी जिन्याच्या तोंडाशी येऊन हाक मारायची, “प्रेक्षा, दिन आथमण लाग्यो, बेगी आ!” म्हणजे दिवस मावळतोय, लवकर ये. ती हाक मला अजून कानात ऐकू येते, आणि अजूनही ती आली की मी आधी घशाला हात लावते.

आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो, लोणखेड्याच्या कॉलेजात, भूगोल घेऊन. सरांनी चार-चार जणांचे गट पाडले आणि सांगितलं, तुमचं तुम्ही भेटा, तुमचं तुम्ही ठरवा, मी मध्ये येणार नाही, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मला सादर करून दाखवा. आता भेटायचं कसं, तर व्हिडिओ मीटिंगवर. विषय होता, बाजारातली एक-एक वस्तू मातीपासून गिऱ्हाइकाच्या पिशवीपर्यंत कशी येते. मी मिरची घेतली. वैशालीनं ऊस घेतला, कारण तिच्या वडिलांचा ऊस पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याला जायचा. इम्राननं कापूस घेतला. तो आमच्या गल्लीत दोन घरं सोडून राहायचा, त्याचे अब्बा गाद्या भरतात. चौथी होती रमिला, तोरणमाळची. तिनं चारोळी घेतली. वर्गात ती मागच्या बाकावर बसायची आणि वर्षभरात मी तिच्याशी चार वाक्यं बोलले असेन, त्यातली दोन “सरक जरा” अशी होती.

वैशालीबद्दल मात्र आधी सांगायला हवं, कारण सगळं दुखणं तिथलं आहे. पाचवीपासून आम्ही एका बाकावर. तिचं गाव लोणखेड्याच्या पलीकडे, घरी अहिराणी, शेणामातीतली माणसं. डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि माझ्यासाठी वेगळ्या डबीत भाजी. “मन्ही मायनी तुन्हासाठी बिनकांदानी करेल शे, खाय गुपचूप,” असं म्हणून ती डबी माझ्याकडे सरकवायची. माझ्या जातीच्या बहिणी, चुलतबहिणी खंडीभर होत्या, पण ज्या पोरीच्या आईनं माझ्यासाठी नऊ वर्षं दुसरी कढई चुलीवर चढवली ती माझी होती. माझी म्हणजे माझीच. हसताना ती मध्येच नाकातून खर्र असा आवाज काढायची, आणि तो आवाज काढायला लावणं हे जगात फक्त मला जमतं असं मी धरून चालले होते.

नेट माझं, म्हणून मीटिंग माझी. लिंक मी पाठवायची, लोकांना आत मी घ्यायचं, माईक मी बंद करायचा. फुकटातली मीटिंग चाळीस मिनिटांनी आपोआप तुटायची, त्यामुळे साडेपाच ते सहा दहा, म्हणजे नेमकी माझ्या जेवणाआधी. मी गच्चीखालच्या कोठीत पापडाच्या डब्यांवर मोबाइल टेकवून बसायचे. पाठीमागे दुकानाचं कॅलेंडर दिसायचं, त्यावर लक्ष्मी आणि लक्ष्मीच्या पायाशी हळदीच्या पुड्या. वहीत विषय लिहून आणायचे आणि शाळेतल्या बाईसारखी एकेकाला उठवायचे. “वैशाली, माईक बंद कर, मागे म्हैस ओरडतेय.” “इम्रान, मराठीत बोल, सरांना हिंदी चालणार नाही.” रमिला चाचरत म्हणायची, “मी जंगलात गेली तेव्हा...” की मी लगेच, “गेले म्हण, गेले.” ती थांबायची, “गेले” म्हणायची आणि पुढचं विसरून जायची. मला वाटायचं, मी गट कसा शिस्तीत चालवते. आमच्या घरी मारवाडी, दुकानात गिऱ्हाइकांशी अहिराणी, पण माझं शाळेतलं मराठी असं धुतलेलं की मास्तर सगळ्या वर्गासमोर वाचायला लावायचे. तो गर्व डोक्यात होता, दुसरं काय.

आणि मग रमिलाची खिडकी उघडायची. तिच्या घराशी रेंज नव्हती. घाटाच्या तोंडाशी रस्ता वळतो तिथं एका मोठ्या दगडापाशी यायची, म्हणून ती रोज चालत तिथं येऊन छत्री धरून उभी राहायची. आमच्या तिघांच्या मागे भिंती, आणि हिच्या मागे अख्खा सातपुडा. ढग तिच्या खांद्यावरून सरकत जायचे. कधी एखादी शेळी चौकटीत तोंड घालून बघायची. “अय रमिला, फोन फिरव ना वं, ती दरी दखाड!” वैशाली ओरडायची. रमिला फोन फिरवायची, खाली हिरवं हिरवं, मध्येच पांढरा पाण्याचा दोरा, आणि वैशाली नुसती “बापरे, बापरे” करत राहायची. इम्रान म्हणायचा, “हमारे पीछे क्या है, गादी! और प्रेक्षा के पीछे? हल्दी!” सगळे हसायचे. वैशाली नाकातून खर्र करायची. मी म्हणायचे, “वेळ चाललाय, मुद्द्यावर या.” पोटात दुखायला लागलं होतं ते तेव्हापासून.

मी काय काय केलं ते आता सांगायला लाज वाटते. कॅलेंडर काढून मम्मीची बांधणीची साडी भिंतीवर टाचली, पण वैशालीनं पाहिलंच नाही, म्हणून कॅलेंडर परत लावलं. एकदा मोबाइल घेऊन गच्चीवर गेले, म्हटलं माझ्याही मागे आकाश येऊ दे. तर आलं ते पाण्याच्या टाकीचं बूड आणि वाळत घातलेल्या पप्पांच्या बनियनी. वैशाली म्हणाली, “तू खाले कोठीमाच बरी शे.” ती सहज म्हणाली होती. पण मला ते दिवसभर पुरलं. एका पोरीजवळ नेट नाही, लाइट नाही, टेबल नाही, ती रोज चालत जाऊन पावसात उभी राहते आणि मी गादीवर बसून तिचा हेवा करते! हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काही उपयोग नव्हता. वैशाली फोनवर मला सांगायची, “कशी शे ती पोर! तठे वारामा उभी ऱ्हाईसन बोलस,” आणि मी इकडून “हूं” म्हणायचे आणि माझी नखं मोजायचे.

त्यात एक गोष्ट लक्षात यायला लागली. मीटिंगमध्ये मला न कळणारे विनोद होऊ लागले. इम्रान नुसता “दूसरा दगड” म्हणायचा आणि तिघं फिसकन हसायची. मी नकाशाचं विचारलं तर वैशाली म्हणाली, “ते तर काल ठरनं ना,” आणि जीभ चावली. काल? काल मीटिंग तुटली तेव्हा नकाशाचं काहीच ठरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवण उरकून, तांब्याभर पाणी पिऊन मी वाळत टाकलेले कपडे आणायला गच्चीवर गेले. आभाळ भरून आलं होतं. दोन घरं पलीकडे इम्रान त्यांच्या गच्चीवर गाद्यांच्या ढिगाला टेकून बसला होता, मोबाइल समोर धरून. “फिर से बोल रमिला, फिर से! रुकना मत!” असं म्हणत तो टाळ्या वाजवत होता. आणि त्याच्या मोबाइलमधून, वाऱ्यावरून, इतक्या लांबून, मला तो खर्र आवाज ऐकू आला. दहा हजार बायका हसत असतील तरी मी तो आवाज ओळखीन. मी हातात ओला टॉवेल घेऊन तिथंच उभी राहिले. म्हणजे माझी मीटिंग तुटली, मी जेवायला खाली गेले, की हे तिघं दुसरी लिंक उघडून परत भेटत होते. माझ्याशिवाय. रोज.

मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण अपमान झाला की माझं तोंड शिवल्यासारखं होतं, ते आजही तसंच आहे. डोक्यात मात्र काय काय फिरत होतं. मी मारवाडी म्हणून. आमचं सगळं वेगळं म्हणून, जेवण वेगळं, वेळ वेगळी, देव वेगळे. मी दुकानदाराची पोर म्हणून. शेवटी ते सगळे एक झाले आणि मी बाहेरची. इतकी वर्षं या गावात राहूनही आम्ही बाहेरचे. आणि या सगळ्याच्या मुळाशी कोण, तर ती छत्रीवाली. तिनं माझी वैशाली नेली. त्या रात्री मी मम्मीच्या कुशीत तोंड खुपसून रडले आणि मम्मीला वाटलं मला चौविहार झेपत नाहीये.

शेवटचा शनिवार आला. सादरीकरण दुपारी चारला, लिंक माझी. सर आले, वैशाली आली, इम्रान नवा शर्ट घालून आला. चारला दोन मिनिटं कमी असताना माझ्या मोबाइलवर टिंग वाजलं. वर पट्टी आली, रमिला बाहेर थांबली आहे, आत घ्यायचं का? माझ्या त्या मीटिंगला आत येण्याआधी एक बाहेरची खोली होती. तिथं कोण थांबलंय हे फक्त मला दिसायचं, बाकी कुणाला नाही. मी बोट बटणापर्यंत नेलं होतं. खरंच नेलं होतं. तेवढ्यात वैशाली म्हणाली, “सर, थोडं थांबूत ना. रमिलानी वाट देखूत. ती येईच, ती नक्की येई.” तिच्या आवाजात अशी काळजी होती की माझं बोट तिथंच थांबलं. माझ्यासाठी हिनं असा आवाज कधी काढला होता? मला ताप आला होता तेव्हा? मी अकरावीत जिन्यावरून पडले होते तेव्हा? मी आठवून बघितलं आणि मला आठवलं नाही. मी बोट मागे घेतलं आणि माझ्या धुतलेल्या मराठीत म्हणाले, “सर, आपण सुरू करू या. तिला रेंज नसेल.”

मी मिरचीवर बोलले. बोलत असताना पट्टी गेली, पुन्हा टिंग वाजलं, पुन्हा तिचं नाव. वैशाली उसावर बोलत असताना ते गेलं आणि तिसऱ्यांदा आलं. पहिल्या टिंगपासून अकरा मिनिटं झाली आणि तेही गेलं. मला हे नेमकं माहीत आहे, कारण मी सगळा वेळ कोपऱ्यातलं घड्याळच बघत होते. मग तिचं नाव परत आलं नाही. सर म्हणाले, चारोळीचं काय? मी म्हटलं, मी वाचते सर, आणि रमिलानं लिहून पाठवलेला भाग झोकात वाचून दाखवला. आमच्या दुकानात चारोळीची बरणी माझ्या जन्माआधीपासून आहे. सरांनी विचारलं, “बरं, हे बी फोडतात कसं? आतला दाणा अख्खा कसा राहतो?” मला चारोळीचा भाव माहीत होता, बाकी काही नाही. सर म्हणाले, “जिचा भाग तिनंच बोलायचा. पुढच्या शनिवारी, माझ्या लिंकवर. तेव्हा आली नाही तर तिला शून्य, आणि रेंजचं कारण मी ऐकणार नाही.”

संध्याकाळी ग्रुपवर इम्राननं लिहिलं, ‘रमिला कुठे होतीस? प्रेक्षा म्हणाली रेंज गेली.’ मी मोबाइल पालथा ठेवला, पुन्हा उचलला. मग रमिलाचा मेसेज आला, ‘हो. रेंज गेली. माफ करा, माझ्यामुळे सगळ्यांना त्रास.’ इतकी हलकट होते मी, की मला आधी सुटल्यासारखंच वाटलं.

पाठोपाठ वैशालीचा फोन. ती रडत होती. “आठ दिन ती सराव करी ऱ्हायनी व्हती वं,” ती म्हणाली. कसला सराव? मग तिनं सांगितलं. तू जेवाले जास ना, तवय आम्ही दुसरी लिंक करूत, आणि रमिला तिचा भाग आमच्यासमोर म्हणून दाखवायची. अडली की पुन्हा पहिल्यापासून. एका दगडावर उभं राहून पाठ झालं की दुसऱ्या दगडावर जायचं, असा त्यांचा खेळ. तो ‘दूसरा दगड’. “तिले सरासनी भीती नही,” वैशाली म्हणाली, “तिले तुन्ही भीती वाटस. तू चूक काढस म्हणीसन.” मी म्हटलं, “मग मला का नाही सांगितलं?” ती नाक ओढत म्हणाली, “तुन्हा जेवाना टाईम ऱ्हास. आन् खरं सांगू का? तू ऱ्हायनी म्हणजे कोनीच बोलस नही. तू माईक बंद करी टाकस. तू मैतरीण शे का बाई शे, तेच समजस नही.”

खाली मम्मी हाका मारत होती. दिन आथमण लाग्यो. एकदा, दोनदा, मग पप्पांनीही हाक मारली. मी कोठीत पापडाच्या डब्यांपाशी बसून राहिले. खिडकीतलं ऊन समोरच्या घराच्या कठड्यावर चढलं आणि तिथून गेलं. मी न जेवता, न पाणी पिता तशीच राहिले. मम्मी बडबडली, पप्पा म्हणाले असू दे, पुण्य लागेल. पुण्य! दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा पहिला घोट घेतला तेव्हा घसा इतका सुकला होता की तो उतरेना.

तो आठवडा मी काढला. मनाची समजूत घालत होते की कुणालाच काही कळलेलं नाही, रमिलालाही नाही. तिला वाटलं असेल रेंजच गेली. शनिवारी ती बोलेल, तिला गुण मिळतील, संपलं. आजवर अशी किती पापं लोक असंच मिटवतात! मम्मीच्या त्या म्हाताऱ्या नातेवाईक तरी दुसरं काय करतात?

शनिवारी सरांची लिंक आली. मी दाबली. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्या बाहेरच्या खोलीत उभी राहिले. इतके दिवस मीच सगळ्यांना आत घेत आले होते, बाहेरून ती कशी दिसते हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, तिथं काही नसेल, नुसता काळा पडदा, नुसतं ते गोल फिरणारं चक्र. पण तिथं इंग्रजीत स्वच्छ एक ओळ लिहिलेली होती. तिचा अर्थ, कृपया थांबा, मीटिंग घेणारी व्यक्ती तुम्हाला लवकरच आत घेईल. मी ती वाचली. परत वाचली. रेंज गेली असती तर ही ओळ दिसलीच नसती. रमिलानं ही ओळ पावसात छत्रीखाली उभं राहून अकरा मिनिटं वाचली होती, दोनदा बाहेर जाऊन परत येऊन वाचली होती. तिला पहिल्यापासून माहीत होतं. माहीत असून तिनं ‘रेंज गेली’ लिहिलं होतं. माझाच शब्द उचलून.

सरांनी आत घेतलं. रमिला आधीच आत होती. त्या दिवशी तिच्याकडे ऊन पडलं होतं आणि तिनं केसांना चापून तेल लावलं होतं. ती बोलली. चारोळीचं झाड उन्हाळ्यात कसं भरतं, फळं पहाटे का वेचायची, भिजवून, चोळून, वाळवून बी कसं काढायचं. “मग सर, जात्यावर हलक्या हातानं फिरवायचं. जोर लावला की दाण्याचा चुरा होतो. माझी आई मला जात्याला हात लावू देत नाही, म्हणते तुझा हात रागीट आहे.” सर मोठ्यांदा हसले. मध्ये एकदा ती “मी गेली” म्हणाली, क्षणभर माझ्या चौकटीकडे बघितल्यासारखं तिनं बघितलं, आणि तशीच पुढे गेली. सर म्हणाले, या वर्षातलं सगळ्यात चांगलं सादरीकरण. वैशालीनं कॅमेऱ्यासमोर दोन्ही हात नाचवले. आणि मला, इतकं सगळं झाल्यावरसुद्धा, पुन्हा पोटात दुखलं. ते दुखणं काही शहाणपणानं जात नाही.

दोन दिवसांनी संवत्सरी. त्या दिवशी आमच्यात वर्षभरात दुखावलेल्या सगळ्यांची क्षमा मागतात, ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून. एरवी घरोघर जाऊन हात जोडतात, त्या वर्षी सगळं मोबाइलवर होतं. कमळाचं चित्र, खाली दोन ओळी, सगळ्यांना एकदम. मी दीडशे लोकांना पाठवलं. पप्पांच्या होलसेलवाल्यांनाही पाठवलं. रमिलाच्या नावावर येऊन बोट अडलं. कमळ पाठवायची मला हिंमत झाली नाही. मी फोन लावला.

वारा इतका होता की ती आधी ऐकूच येईना. मी म्हटलं, “रमिला, त्या शनिवारी रेंज गेली नव्हती. तू बाहेर होतीस. मला दिसत होतं. मी आत घेतलं नाही.”

“माहीत आहे,” ती म्हणाली.

“कधी कळलं?”

“पहिल्यांदा वाटलं, तू विसरली. मग वाटलं, तुझं नेट अडकलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा कळलं.”

“मग रेंज गेली असं का लिहिलंस?”

“तू सर्वांना तसं सांगून बसली होती. मी खरं लिहिलं असतं तर वैशाली तुझ्याशी परत बोलली नसती. तिचं तुला माहीत आहे ना. आणि ती सारखी तुझंच सांगते. प्रेक्षा अशी, प्रेक्षा तशी, प्रेक्षाचे गट्टे. मला तर तुझा कंटाळा आला होता ऐकून ऐकून.” ती थोडी हसली. “मला पण वाटायचं, आपलं असं कोणी सांगत नाही.”

म्हणजे ती तिकडे दगडावर उभी राहून माझा हेवा करत होती! मी विचारलं, “राग नाही आला?”

“आला ना. घरी येऊन छत्री आपटली. काडी मोडली तिची. अजून तशीच आहे.”

“माफ केलंस?”

“तुमच्यात लगेच सांगावं लागतं का?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मग थांब,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

वैशाली आता सुरतेला असते, लग्न होऊन. इम्रान गाद्यांच्या दुकानात बसतो आणि भूगोलाचं एक अक्षर आठवत नाही असं अभिमानानं सांगतो. मी पप्पांबरोबर दुकान बघते. चारोळीची बरणी अजून तिथंच आहे, आणि कुणी मागितली की मी ती स्वतः उतरवते, नोकराला हात लावू देत नाही. रमिला वर तोरणमाळलाच आश्रमशाळेत शिकवते. आम्ही बोलतो, भांडतो, आणि वैशाली आधी कुणाला फोन करते यावर माझं लक्ष असतंच.

पण ते नंतरचं. संवत्सरीनंतर तिसऱ्या दिवशी मी जेवले, पाणी प्याले, आणि उन्हाची तिरीप अजून कोठीत असताना ग्रुपवर एक लिंक आली. त्यांच्या त्या दुसऱ्या मीटिंगची, सादरीकरण संपलं तरी ती चालूच होती. पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांसमोर. लिंक रमिलाची होती. मी पापडाच्या डब्यांवर मोबाइल टेकवून दाबली. तीच ओळ आली, कृपया थांबा, लवकरच आत घेतील. मी थांबले. पाच मिनिटं झाली. गल्लीतून इम्रानचं हसणं येत होतं, म्हणजे तो आत होता. सात मिनिटं झाली. मी बाहेर जाऊन परत आले नाही, फोनही लावला नाही. कॅलेंडरवरच्या लक्ष्मीकडे पाठ करून बसून राहिले. खाली मम्मी भांडी आवरत होती. नऊ झाली, दहा झाली. अकरा मिनिटं पूर्ण झाली आणि चौकटी उघडल्या, एक, दोन, तीन. वैशाली ओरडली, “अय, कोठे व्हती वं इतला वखत?” रमिलाच्या मागे ढग होते आणि हातात काडी मोडलेली छत्री. तिनं माझ्याकडे अगदी सरळ चेहऱ्यानं बघितलं.

“काय गं,” ती म्हणाली, “रेंज गेली होती का?”

“हो,” मी म्हटलं. “रेंज गेली होती.”